दिसलं तरच लिहायचं

प्रिय आत्या,

शि. सा. न. वि. वि. लिहून सुरुवात केली असती तर तू म्हणाली असतीस, हिला काहीतरी मागायचंय. काही मागायचं नाही. भांडायचंय.

तू पाठवलेलं तेल मिळालं. तपकिरी बाटली, वर हिरवं झाड, 'सीडरवुड इसेन्शियल ऑइल, शंभर टक्के शुद्ध'. ते ठीक. पण सोबतच्या चिठ्ठीचं काय करू? झोपेसाठी उशीवर दोन थेंब. केस गळतात त्यावर खोबरेलात मिसळून. गुडघ्यांना चोळायला. सर्दी-खोकल्याला वाफारा. आणि सगळ्यात खाली, तुझ्या त्या रजिस्टरमधल्या ठाशीव अक्षरात, 'रक्त शुद्ध होतं'. आत्या, रक्त? अख्खी नोकरी रक्ताच्या थेंबात डोकं घालून काढलेली तू, ही भाषा कधीपासून बोलायला लागलीस? हेच कुणी तुझ्यासमोर म्हणालं असतं तर तू त्याला टेबलापाशी उभं करून विचारलं असतंस, शुद्ध होतं म्हणजे काय कमी होतं आणि काय वाढतं, ते सांगा. आता भिशीतल्या बायकांनी सांगितलं, मोबाइलवर व्हिडिओ आला, एवढ्यावर तू लिहून मोकळी?

म्हणजे आता मला तुलाच तुझी आठवण करून द्यावी लागणार.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझ्याकडे यायचे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीला लागून तुझं टेबल. वीज गेली की तू मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे वळवायचीस आणि काम पुढे चालू. बाहेर रांग, आत तू आणि कागदात गुंडाळून आणलेले स्लाइडचे गठ्ठे. आरोग्यसेवक गावोगाव फिरून तापाच्या माणसांच्या बोटाला टोचून रक्त आणायचे. जेएसबीच्या रंगात बुडवलेल्या स्लाइडा ओळीने वाळत ठेवलेल्या असायच्या. हा रंग जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोन आपल्याच माणसांनी बसवला, म्हणून त्यांच्या आद्याक्षरांचं नाव, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. तू शिकवलंस, तेही हातमोजे काढता काढता.

आणि रंगाच्या बाटलीशेजारची ती छोटी, घट्ट बुचाची बाटली. पिवळसर, दाट तेल. 'याला हात लावायचा नाही, महाग आहे.' त्यातला एक थेंब स्लाइडवर पडला की खोलीभर शिसपेन्सिल तासल्याचा वास. फिनेल, स्पिरिट, बाहेरच्या रांगेचा घाम, सगळ्यातून तो वास वेगळा यायचा. मी विचारलं होतं, तेल कशाला लागतं? तू काही सांगितलं नाहीस. काचेची कांडी घेतलीस आणि बाटलीत बुडवलीस. तेलात गेलेला भाग दिसेनासा झाला! वरची कांडी तुझ्या चिमटीत आणि खालची गायब. मी बाहेर काढायला लावली, परत बुडवायला लावली. कितीदा, ते देव जाणे.

मग तू समजावलंस. स्लाइडमधून वर येणारे उजेडाचे किरण हवेत शिरले की वाकतात. जे फार तिरके असतात ते भिंगापर्यंत पोचतच नाहीत. आणि हजारपट मोठं करून बारीक बघायचं तर नेमके तेच तिरके किरण हवे असतात. मधली हवा काढून तिथे काचेच्या जातीचं तेल घातलं, की काच संपली हे किरणांना कळतच नाही. काचेचा वक्रीभवनांक साधारण १.५२, दाट केलेल्या सीडरवुड तेलाचा १.५१५. कांडी म्हणूनच दिसेनाशी झाली. पुढे बारावीला भौतिकशास्त्राच्या सरांनी हाच धडा फळ्यावर शिकवला. मला तो आधीच येत होता.

येना गावात एर्न्स्ट आबे यांनी कितीतरी द्रव तपासून त्यातून हे तेल निवडलं आणि १८७८ मध्ये झाइसच्या कारखान्यातून तेलात बुडवून बघायची भिंगं आली. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, ते अशाच भिंगातून बघून. दर २४ मार्चला तुमच्या केंद्रात क्षयरोग दिनाचा कापडी फलक लागायचा, कुणीतरी पुढारी यायचा, भाषण, चहा-बिस्किटं. त्या तेलाचं नाव कधी कुणी काढलं? तुझं तरी काढलं का? बेडक्याच्या स्लाइडवर शंभर फील्ड बघितल्याशिवाय तू 'निगेटिव्ह' लिहायची नाहीस. साहेबांनी घाई केली तरी नाही. मी एकदा म्हणाले होते, आत्या, नव्वद झाली, काही नाहीये, लिहून टाक. तू मान वर न करता म्हणालीस, 'दिसलं तर दिसलं लिहायचं. सगळं बघून नाही दिसलं तर नाही दिसलं लिहायचं. न बघता काही लिहायचं नाही.'

हे वाक्य मी आजवर किती लोकांना सांगितलंय याची तुला कल्पना नाही. आणि तीच बाई मला चिठ्ठी पाठवते, रक्त शुद्ध होतं!

तुझा राग आठवला की अजून हसू येतं. शिपायाने एकदा शंभरच्या भिंगावरचं तेल तसंच राहू दिलं. सीडरवुडचं ते वाईटच, उघडं राहिलं की वाळून राळ होतं, मग झायलीनने पुसायचं, तेही बेताने, नाहीतर भिंगाचा सिमेंटचा जोड सुटतो. तू दुपारचा डबा न खाता ते भिंग साफ केलंस आणि आठवडाभर त्या माणसाशी कामापुरतंच बोललीस. पुढे कृत्रिम तेल आलं. वास नाही, वाळत नाही, पिवळं पडत नाही. मला वाटलं होतं तुला चुकल्याचुकल्यासारखं होईल. तू जुनी बाटली एका दिवसात बाजूला सारलीस. 'काम चांगलं होतंय ना? मग झालं.' उरलेली बाटली मी मागून घेतली. तूच म्हणाली होतीस, काय करणारेस, लोणचं?

पोट भरते मी त्या वासावर, आत्या. अगरबत्ती आणि साबणांचे सुगंध बनवणाऱ्यांकडे मी नोकरी करते ती, तुझ्या शब्दांत 'वास घ्यायची नोकरी', तिची सुरुवात तुझ्या टेबलापाशी झाली. लिंबाचं, संत्र्याचं तेल कागदाच्या पट्टीवर घेतलं तर बघता बघता उडून जातं. सीडरवुड दुसऱ्या दिवशीही पट्टीवर बसलेलं असतं, आणि स्वतः बसतं तसं सोबतच्या चंचल वासांनाही धरून ठेवतं. अत्तरवाले त्याला बेस म्हणतात. हे त्याचं खरं काम. साबणाच्या वेष्टनावर त्याचं नाव क्वचितच येतं, येतं ते गुलाबाचं आणि मोगऱ्याचं. तुझ्या खात्यासारखंच आहे म्हण. रोग बरा झाला की डॉक्टरांचं नाव, स्लाइड बघणारी कोण, कुणाला माहीत?

पण तू म्हणशील, एवढं त्याचं कौतुक आहे तर भांडतेस कशाला?

सांगते. तुझ्या बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लॅटिन नाव छापलंय. तू वाचलं नसशीलच, चष्मा बदलायला झालाय तुझा. सीड्रस देवदारा. म्हणजे हिमालयातला आपला देवदार. तुझ्या मायक्रोस्कोपसाठी आबेंनी जे तेल निवडलं ते मात्र अमेरिकेतल्या एका ज्युनिपरचं, ज्युनिपेरस व्हर्जिनियाना. जुन्या विलायती पेन्सिली याच लाकडाच्या, म्हणून तो वास. ही दोन झाडं एका कुळातलीही नाहीत. देवदार हा चीड-पाइनच्या कुळातला, ज्युनिपर सायप्रसच्या. टेक्ससचं तेल आणखी एका ज्युनिपरचं, चीनमधलं एका सायप्रसचं. मोरोक्कोतल्या अ‍ॅटलस पर्वताचं तेवढं देवदाराच्या सख्ख्या भावंडाचं, आणि ते झाड आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, त्यामुळे ते घेताना माझा हात आखडतो. बाजारात मात्र हे सगळं सीडरवुड. पिंप आलं की मी आधी पट्टी नाकाशी धरते, मग विश्लेषणाचा कागद बघते. ज्युनिपरवाल्यात सेड्रॉल आणि सेड्रीन सापडतात. देवदारात मुख्यतः हिमाचलीनं आणि अटलांटोन.

हिमाचलीन हे नाव कुठलं माहितीये? पुण्यातलं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात देवदाराच्या तेलातून ही द्रव्यं वेगळी काढून त्यांची रचना उलगडली. हिमाचलॉलही त्याच काळात तिथलंच. मी एम.एस्सी.ला असताना त्या फाटकावरून सायकलने जायचे आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता कुणी फ्रेंच माणूस बैठकीत 'हिमाचलीन' म्हणतो तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसते. तू बसतेस ना, कुणी जेएसबी म्हणालं की?

तर झोप. २००३ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना सेड्रॉल हुंगायला दिलं. नाडी मंदावली, रक्तदाब थोडा उतरला, श्वास संथ झाला. चांगलं काम आहे. तुझा व्हिडिओ फिरत फिरत बहुधा तिथूनच निघालाय. पण ते सेड्रॉल. ते ज्युनिपरच्या तेलात भरपूर असतं. तुझ्या बाटलीत देवदार आहे, त्यात ते नावापुरतं. म्हणजे एका झाडाचा रिपोर्ट दुसऱ्या झाडाच्या नावावर चढवलाय. तुझ्या लॅबमध्ये स्लाइडांचे नंबर कुणी असे बदलले असते तर?

आणि झोपेचं म्हणशील तर, ती कधीपासून उडालीय हे आपल्या दोघींना माहीत आहे. शेजारच्या काकू सांगत होत्या, बाबांच्या खोलीतला दिवा रात्री अजून चालू असतो. मी विचारणार नाही. वास आवडत असेल तर घाल उशीवर दोन थेंब, वासाने बरं वाटतं, त्याला संशोधन लागत नाही. फक्त ते औषध आहे असं समजून तुझी रक्तदाबाची गोळी बंद केलीस तर मी पुढच्या गाडीने येईन. आणि बोकोबाला खोलीत कोंडून त्या वाफेच्या यंत्रात ते तेल चालवू नकोस. मांजरांच्या यकृताला ही असली तेलं नीट निकामी करता येत नाहीत. तो आधीच म्हातारा, त्यात तुझा लाडका.

केसांचं. यावर खरंच प्रयोग झालाय, आणि नीट झालाय. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा, १९९८ मध्ये छापून आलेला. ८६ रुग्ण, दोन गटांत. एका गटाने तुळशीच्या कुळातल्या थाइमचं, रोझमेरीचं, लॅव्हेंडरचं आणि सीडरवुडचं अशी चार तेलं जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून सात महिने रोज डोक्याला चोळली. दुसऱ्या गटाने नुसती ती दोन साधी तेलं. पहिल्या गटातल्या ४४ टक्क्यांना फायदा दिसला, दुसऱ्यातल्या १५ टक्क्यांना. वाचून मी स्वतः खूश झाले होते. पण हे सगळे चाई पडलेले रुग्ण होते, शरीराची संरक्षणयंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते तो आजार. तुझे केस सत्तरीत विरळ झालेत, ते वेगळं. आणि चार तेलांतलं श्रेय एकट्या सीडरवुडला द्यायचं कसं? तुझा तो लांब शेपटा आठवतो मला, केंद्रात जाताना तू त्याचा घट्ट अंबाडा घालायचीस, स्लाइडवर केस पडू नये म्हणून. विरळ झाला तरी छान दिसतो आता, पांढरा.

गुडघे. मुंबईत कालिन्याच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीतल्या मंडळींनी १९९९ मध्ये दाखवलं की देवदाराच्या लाकडाचं तेल पोटात दिल्यावर उंदरांच्या पायाची सूज उतरते, वेदनाही कमी होते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याआधीच, १९७५ च्या सुमारास, हिमाचलॉलमुळे आतड्याच्या स्नायूंची उबळ सैल पडते हे दिसलं होतं. म्हणजे झाडात काहीतरी आहे, यात वाद नाही. पण उंदीर तो उंदीर. आणि पोटात द्यायचा मोजलेला डोस वेगळा, वरून चोळलेले चार थेंब वेगळे. तुझ्या गुडघ्याला जो आराम पडतो तो बहुतेक दहा मिनिटं कुणीतरी प्रेमाने चोळल्याचा आहे. ते कोण चोळतं? स्वतःच, ना?

आता तू काढ्याचा हुकमाचा पत्ता काढशील, मला माहीत आहे. 'तुला बाळंतपणात देवदार्वादि काढा पाजला तेव्हा नाही विचारलंस उंदीर की माणूस?' पाजलास, खरं. नाक दाबून पाजलास. देवदार, सुंठ, पिंपळी आणि काय काय, कडूजहर, आणि वर तुझा पहारा, शेवटचा घोट संपेपर्यंत. तेव्हा तू माझी आई झाली होतीस, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, इथे लिहिते. पण ऐक. काढा म्हणजे लाकडातलं पाण्यात उतरेल तेवढंच, वैद्याने ठरवलेल्या मापात. तेल म्हणजे लाकडातलं वाफेबरोबर उडून येईल तेवढं, एकवटलेलं. शंभर किलो भुसा-ढलप्यांतून जेमतेम दोन-तीन किलो निघतं. काढा चालतो म्हणून तेलाचा थेंब चहात घालायचा नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, भिशीतली कुणीतरी घालत असणार. तिला सांग. तू सांगितलंस तर ऐकेल, सगळा गाव अजून तुला 'लॅबवाल्या बाई' म्हणतो. आणि तुझ्या त्या धाकट्या शेजारणीला दिवस गेलेत म्हणालीस, तिला तर हे तेल चोळायलाही देऊ नकोस.

कामानिमित्त मी कुल्लूकडे गेले होते, तुला फोनवर सांगितलं, पण रेंज नव्हती आणि तू 'हो हो' म्हणत राहिलीस. तिथे तेल काढायची भट्टी बघितली. उभं झाड सहजी पाडू देत नाहीत, म्हणून करवतीचा भुसा, जुनी खोडं, मुळं, तोडीतून उरलेल्या ढलप्या असा माल. मोठ्या टाकीत भरून खालून वाफ सोडायची. वाफ तेल घेऊन नळीतून जाते, गार होते, भांड्यात पाणी खाली आणि तेल वर. तासन्‌तास चालतं. तिथला एक म्हातारा कामगार माझ्या पट्ट्या बघून हसला. त्याच्या लहानपणी घरोघरी केलोनचं तेल असायचं म्हणे. केलो म्हणजे देवदारच, तिकडचं नाव. चिकट मुळं मडक्यात कोंडून तापवायची, काळं डांबरी तेल ठिबकतं, ते गुराढोरांच्या खरजेवर, जखमेवर लावायचं. पूर्वी नदी ओलांडायला फुगवलेल्या कातड्यांचा वापर व्हायचा, त्यांनाही हेच तेल. माणसाच्या मनःशांतीसाठी ते त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मनालीतलं हिडिंबेचं देऊळ बघितलं. १५५३ सालचं, देवदाराच्या वनात, देवदाराच्याच लाकडाचं. इतका बर्फ, इतका पाऊस झेलूनही उभं आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज टिहरीच्या राजाकडून जंगलं घेऊन देवदाराचे ओंडके भागीरथीत सोडून द्यायचा. ते वाहत मैदानात यायचे आणि रेल्वेचे स्लीपर व्हायचे. डोंगरच्या डोंगर उघडे झाले त्यात. आणि देवदारच का हवा, तर वाळवी खात नाही, कुजत नाही. का खात नाही? या तेलामुळे. झाडाने ते स्वतःच्या गाभ्याला कीड लागू नये म्हणून साठवलेलं असतं. तुझ्यामाझ्या झोपेचा विचार त्यात कुठेच नव्हता गं.

त्यामुळे त्याला जे येतं ते काम त्याला द्यावं, असं माझं मत. १९८८ मध्ये आपल्याच देशातल्या दोघांनी दाखवलं की देवदाराच्या तेलातलं हिमाचलॉल कडधान्यातल्या भुंग्याला आणि घरमाशीला मारतं. हिमाचलात धान्याची कोठारं देवदाराची करतात ते उगीच नाही. तुझ्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासाने मला लहानपणी डोकं दुखायचं, त्या काढून टाक. साध्या लाकडाच्या चार चिपा घे, प्रत्येकीवर चार-पाच थेंब, पूर्ण मुरू दे, मग फडक्यात बांधून कोपऱ्यांत ठेव. आजीच्या पैठणीला थेंब लागू देऊ नकोस, डाग जाणार नाही. आधी सगळे कपडे कडक उन्हात टाकून झटकून घे, कारण हा वास कसरीच्या कोवळ्या अळ्यांना मारतो, अंड्यांना आणि उडणाऱ्या पाखरांना फारसं काही करत नाही. वास गेला की कामही गेलं, दोन-तीन महिन्यांनी परत थेंब टाकायचे. बाबांचा तो राखाडी स्वेटर ट्रंकेत आहे ना अजून? त्याच्या घडीत एक चीप ठेव.

चोळायचंच असेल, आणि तू चोळणारच, मी तुला ओळखते, तर ३० मिलि खोबरेलात सहा ते बारा थेंब, त्याहून जास्त नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. लाल झालं, खाजलं, तर बंद. वाफाऱ्यात अजिबात घालू नकोस, तुझ्या दम्याचं काय? वाफारा साध्या पाण्याचा घे, तो तू मला द्यायचीस तसा, डोक्यावर टॉवेल आणि पाठीवर तुझा हात.

चिठ्ठीच्या मागे तू विचारलं होतंस, 'तुमच्याकडे हे स्वस्त पडतं का, इथे फार घेतात.' फार घेतात म्हणजे किती, ते काही तू लिहिलं नाहीस. लाज वाटली असेल. पिंपाच्या भावाने ते किती पडतं हे मी सांगणार नाही, तुला वाईट वाटेल आणि भिशीत भांडण होईल. ट्रंकेसाठी लागेल तेवढं मी पाठवते, त्यातलं कुणाला विकू नकोस, वाटलंस तर चिपा करायला शिकव.

आणि एक. गुडघ्यांसाठी मी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढच्या मंगळवारी सकाळी ११ ची. रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलंय, त्यामुळे 'कोण नेणार' हे कारण चालणार नाही. त्यांनी एक्स-रे सांगितला तर 'मी लॅबमधलीच आहे, मला सगळं कळतं' म्हणून उठून येऊ नकोस. काढू दे. रक्त तपासायला सांगितलं तर देऊन ये, आणि ती सुई टोचणारी मुलगी नवखी असली तर तिला दंड नीट बांधायला शिकव, पण प्रेमाने, त्या शिपायासारखं नको. रिपोर्ट आला की फोटो काढून मला पाठव. नुसता रिपोर्ट. खाली हात जोडलेले, फुलं, सुप्रभात असलं काही नको.

तुझी,
मनू